निरवानिरव

मराठी भाषेंत ‘निरवानिरव’ हा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. लांबच्या प्रवासास निघणारा, किंवा आपला शेवट जवळ आला असें जाणणारा मनुष्य, कोणाचें देणें कोणास पोंचवावयाचें, किल्ल्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, मुलांना कोणाच्या ओटींत घालावयाचें, या गोष्टींची जी व्यवस्था लावतो तिला आपण निरवानिरव म्हणतों. प्रवास आणि मरण या दोहोंस एकच शब्द लागू पडावा हें अकारण नव्हे. रेल्वे नव्हती त्या काळीं काशीयात्रेस निघालेला मनुष्य परत येईलच अशी शाश्वति कोणास नसे. म्हणून तो निघतांना सर्वांचा निरोप घेई, आणि त्या निरोपांत थोडीशी अंतकाळची छाया असे. ही व्यवस्था मनुष्यानें स्वतःच्या बुद्धीनें व स्वतःच्या वेळीं करावयाची, हें मात्र त्या शब्दांत गृहीत होतें.

आधुनिक राष्ट्रांनीं हीच निरवानिरव एका विशिष्ट वर्गाकडून नियमानें आणि ठराविक दिवशीं करून घेण्याची पद्धति पाडली आहे. हा वर्ग राखीव सैनिकांचा होय. या पद्धतीचें सर्वांत तपशीलवार स्वरूप अमेरिकेंत पाहावयास मिळतें. तेथील ‘नॅशनल गार्ड’मधील किंवा ‘आर्मी रिझर्व्ह’मधील मनुष्य सामान्यतः महिन्यांतून एक शनिवार-रविवार आणि वर्षांतून दोन आठवडे सैनिक असतो, उरलेल्या काळांत तो शिक्षक, सुतार, मोटारचालक किंवा दुकानदार असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांनीं राष्ट्राध्यक्षांनीं या राखीव सैनिकांस बोलावण्याचा जाहीरनामा काढला. ज्या कायद्याच्या आधारें तो काढला त्याअन्वयें त्यांस सलग २४ महिन्यांपर्यंत सेवेंत ठेवतां येतें. पुढील वर्षांत इराक व अफगाणिस्तान येथें गेलेल्या अमेरिकन सैन्यांत अशा लोकांचा भरणा फार मोठा होता.

असा मनुष्य प्रथम रणांगणावर जात नाहीं. तो एका दिवाणखान्यांत जातो. तेथें ओळीनें टेबलें मांडलेलीं असतात, व प्रत्येकापुढून जाऊन त्यानें आपल्या कागदावर शिक्का किंवा सही मिळवावयाची असते. या सर्व विधीस ‘सोल्जर रेडिनेस प्रोसेसिंग’, म्हणजे सैनिकाची सज्जता तपासणें, असें नांव आहे. एका टेबलाशीं त्याच्या गळ्यांतील धातूच्या दोन पट्ट्या पाहतात. त्यांवर नांव, क्रमांक, रक्ताचा गट आणि धर्म हीं कोरलेलीं असतात. दुसऱ्या टेबलाशीं विम्याचा वारस लिहून घेतात. या विम्याची कमाल रक्कम २००५ सालीं ४ लक्ष डॉलर झाली व मार्च २०२३ पासून ती ५ लक्ष आहे. तिसऱ्याशीं वकील मृत्युपत्र व मुखत्यारपत्र करून देतो. पुढें दांत, डोळे, कान तपासतात, दंडांत लसी टोचतात, रक्त घेतात. ज्याच्या दांतांस वर्षभरांत तातडीचा उपचार लागण्याचा संभव आहे त्यास तिसऱ्या वर्गांत घालतात, आणि त्या वर्गांतल्या मनुष्यास दांत दुरुस्त होईपर्यंत पाठविण्यास योग्य समजत नाहींत. ज्यास एकट्यानें मूल वाढवावें लागतें त्यानें आपल्या मागें तें कोण सांभाळील याचा लेखी आराखडा द्यावा लागतो.

या चित्राकडे पाहून विचारी मनुष्याच्या मनांत सहजच एक प्रश्न उभा राहतो. एखाद्यास मरणाच्या शक्यतेकडे पाठविण्यापूर्वीं त्याच्याकडून त्या मरणाची सर्व व्यवस्था करून घेणें, हा त्याच्या मनुष्यत्वाचा आदर आहे कीं उपमर्द? कोणी म्हणेल, यांत आदराचा प्रश्न कोठून आला? गोदामांतून माल बाहेर काढतांना जशी मोजदाद करतात तशीच ही माणसांची मोजदाद आहे. दुसरा कोणी म्हणेल, सरकार आपल्या सैनिकाच्या बायकामुलांची इतकी काळजी घेतें, यापरतें अधिक काय पाहिजे? मला वाटतें, हीं दोन्ही उत्तरें घाईचीं आहेत.

प्रथम दांतांचीच गोष्ट घेऊं. एखाद्या शिक्षकाचा दांत दोन वर्षें किडलेला आहे. पैशाच्या अडचणीमुळें तो दुखणें सहन करीत आला. बोलावणें येतांच आठ दिवसांत तो दांत फुकट दुरुस्त होतो. दुखत होता तो शिक्षकाचा दांत, दुरुस्त झाला तो सैनिकाचा! कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें सांगितलें आहे कीं मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये; तो स्वतःच एक साध्य आहे. या कसोटीस हा दांत उतरतो काय? येथें ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपण सर्वच एकमेकांचें साधन होत असतों. न्हावी माझें साधन आहे आणि मी त्याचें. दोष उपयोग करून घेण्यांत नसून, उपयोगापलीकडे त्या मनुष्यांत कांहीं आहे हें विसरण्यांत आहे.

तें विसरलें आहे कीं नाहीं, हें ओळखावयाचें कसें? आपल्याकडे पोळ्याच्या दिवशीं शेतकरी बैलास न्हाऊं घालतो, शिंगें रंगवितो, पुरणपोळी खाऊं घालतो. त्यांतील प्रेम खोटें नसतें. पण शेतकरी बैलास कांहीं विचारीत नाहीं. कारण बैलाचें उत्तर तो ऐकूं शकत नाहीं. मनुष्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पोषणावरून किंवा औषधोपचारावरून त्याचा आदर सिद्ध होत नाहीं. त्यास विचारल्यानें होतो. आणि नुसतें विचारल्यानेंहि होत नाहीं. ज्याच्या उत्तरानें कांहींच बदलावयाचें नाहीं तो प्रश्न नव्हेच. तो एक विधि होय. म्हणून माझी कसोटी अशी कीं, या टेबलांपैकीं ज्या टेबलाशीं मनुष्याच्या उत्तरानें कांहीं बदलतें तेथें त्याचा मान राखला जातो, आणि जेथें बदलत नाहीं तेथें तो माल ठरतो.

या कसोटीवर कांहीं टेबलें चांगलींच उतरतात. संकटप्रसंगीं कोणास कळवावयाचें हें ज्या कागदावर लिहून घेतात त्यांत एक विलक्षण रकाना आहे: प्रकृति बरी नसल्यामुळें कोणास कळवूं नये, आणि त्याऐवजीं कोणास कळवावें? एवढा एक रकाना ज्यानें कागदावर घातला त्या अज्ञात कारकुनास मनुष्याच्या घराची खरी ओळख होती असें म्हटलें पाहिजे. सैनिकाची आई हृदयविकारानें खाटेला खिळलेली असेल. दारावर गणवेशांतील दोन माणसें अकस्मात् उभीं राहिलीं तर एका मरणाचीं दोन मरणें होतील. येथें मुलगा सांगतो, ‘आईला नव्हे, मावशीला सांगा,’ आणि त्याच्या या एका वाक्यानें त्या महाकाय यंत्राची दिशा बदलते. आपलें शव कोणाच्या स्वाधीन करावें हेंहि तो सांगूं शकतो.

मृत्युपत्राच्या बाबतींतहि असेंच आहे. प्राचीन रोमन लोकांत युद्धाच्या तोंडावर रांगेंत उभें असतांना सोबत्यांच्या देखत तोंडी मृत्युपत्र करण्याची रीत होती. पुढें कॉन्स्टन्टाइन बादशहानें ठरविलें कीं, सैनिकानें मरतांना आपल्या रक्तानें ढालीवर किंवा तरवारीच्या टोंकानें धुळींत आपली इच्छा लिहिली तरी ती कायदेशीर समजावी. इंग्लंडच्या १८३७ च्या मृत्युपत्रांच्या कायद्यानेंहि मोहिमेवरील सैनिकांस साक्षीदार-सह्यांच्या जाचांतून मोकळें ठेवलें. या सर्व सवलतींचा अर्थ एकच: ज्यास वेळ नाहीं त्याच्याकडून कायद्यानें नियमांचा हट्ट धरूं नये. आजची पद्धति उलट टोंकाकडून तेथेंच पोंचते. ती सैनिकास अगोदर वेळ व वकील देते, म्हणजे धुळींत लिहिण्याचा प्रसंगच येऊं नये.

आतां रक्ताच्या थेंबाकडे वळूं. १९९० नंतरच्या दशकापासून प्रत्येक अमेरिकन सैनिकाच्या रक्ताचा एक डाग कार्डावर घेऊन जपून ठेवतात, तो एवढ्यासाठीं कीं पुढें कांहीं अवशेष मिळाल्यास ते कोणाचे हें अनुवंशद्रव्याच्या परीक्षेनें ठरवितां यावें. जिवंत मनुष्यानें आपल्या प्रेताची ओळख आपल्याच हातानें देऊन ठेवावी, ही कल्पना प्रथमदर्शनीं अंगावर कांटा आणते. परंतु ओळख न पटल्यानें काय होतें हें मराठी वाचकास सांगावयास नको. १७६१ सालीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मरणाविषयीं लोकांच्या मनांतला संशय फिटला नाहीं. त्या संशयाच्या फटींतून भाऊसाहेबांचा तोतया शिरला, त्याच्यापायीं राज्यांत मोठें बंड माजलें आणि १७७६ सालीं त्यास देहांत शासन झालें. पार्वतीबाईंनीं तर आपलें सौभाग्यलेणें अखेरपर्यंत उतरविलें नाहीं, अशी प्रसिद्धि आहे. अनिश्चित मरण हें निश्चित मरणाहून किती क्रूर असतें, तें त्या माउलीच्या आयुष्यावरून समजतें.

अमेरिकेंतील एक उदाहरण याच्या नेमकें उलट आहे. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन येथें अनामिक सैनिकांची जी समाधि आहे तींत १९८४ सालीं व्हिएतनाम युद्धांतील एका अज्ञात वीराचे अवशेष ठेवले. १९९८ सालीं ते बाहेर काढून परीक्षा केली तेव्हां ते १९७२ सालीं विमानासह पडलेल्या लेफ्टनंट मायकेल ब्लासी याचे ठरले, आणि कुटुंबानें ते आपल्या गांवीं नेले. ती जागा तेव्हांपासून रिकामीच ठेवली आहे. राष्ट्राचा एक अनामिक वीर कमी झाला, पण एका आईस तिचा मुलगा मिळाला. राष्ट्राच्या प्रतीकाहून आईचा हक्क मोठा मानला गेला, हें मला त्या राष्ट्राचें भूषण वाटतें.

आरोग्याच्या प्रश्नपत्रिकेची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर कित्येक हजार सैनिक थकवा, सांधेदुखी, विस्मृति अशा तक्रारी सांगूं लागले. परंतु जाण्यापूर्वीं त्यांची प्रकृति कशी होती व तेथें त्यांचा कशाशीं संपर्क आला याच्या नोंदी इतक्या अपुऱ्या होत्या कीं कार्यकारणसंबंध लावणें कठीण होऊन बसलें. यांतून धडा घेऊन १९९७ सालीं कायदा झाला कीं परदेशीं पाठविण्यापूर्वीं व परत आल्यावर प्रत्येक सैनिकाची वैद्यकीय नोंद घ्यावी व रक्ताचे नमुने ठेवावे. येथें कागदाचें एक निराळेंच स्वरूप दिसतें. आपण समजतों कीं कागद हें सरकारचें शस्त्र आहे. पण ज्याच्याजवळ ‘मी जातांना धडधाकट होतों’ याचा पुरावा नाहीं, त्यास ‘मी येतांना मोडलों’ हें सिद्ध करतां येत नाहीं. नोंद नसणें हें नेहमीं बलवानाच्याच फायद्याचें असतें. म्हणून ही नोंद दुर्बळाची ढाल आहे.

मात्र या ढालीसहि एक भेग आहे. प्रश्नपत्रिकेंत मनाच्या स्वास्थ्याविषयीं विचारतात. ज्याला जावयाचें आहे तो आपली निद्राहीन रात्र लपवितो, कारण सोबती जात असतां आपण मागें राहणें त्यास लज्जास्पद वाटतें. ज्याला जावयाचें नाहीं त्याचें खरें दुखणेंहि बहाणा समजलें जाण्याचें भय असतें. खरें बोलण्याची किंमत दोघांसहि मोजावी लागते. प्रश्न विचारणें सोपें आहे. खरें उत्तर देणाऱ्याचें नुकसान होणार नाहीं अशी व्यवस्था करणें कठीण आहे, आणि तिच्यावांचून प्रश्न प्रामाणिक होत नाहीं.

लसींच्या टेबलाशीं तर उत्तराला जागाच नाहीं. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें; तरीहि डिसेंबर २००२ पासून युद्धभूमीकडे जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांस देवीची लस टोचूं लागले. रोगाचें भय उरलें नव्हतें. तो रोग कोणी मनुष्य मुद्दाम पसरवील याचें भय होतें. काळपुळी, जिला अँथ्रॅक्स म्हणतात, तिची लस १९९८ पासून सक्तीची झाली. कित्येकांनीं ती नाकारली व शिक्षा पत्करली. २००४ सालीं न्यायालयानें ती सक्ती थांबविली, आणि औषधखात्याच्या नव्या निर्णयानंतर २००६ सालीं ती पुन्हा लागू करण्याचें ठरलें. सांथीपासून पलटणीचें रक्षण करावयाचें तर एकट्याच्या इच्छेस कोठेंतरी मर्यादा पडणार, हें मी मान्य करतों. परंतु न्यायालयाचें दार उघडें होतें, आणि मान्यता न मिळालेलें औषध संमतीवांचून द्यावयाचें तर राष्ट्राध्यक्षानें स्वतः तशी सूट दिली पाहिजे असा निर्बंध कायद्यांत आहे, या दोन गोष्टींनीं त्या सक्तीस माणुसकीची सीमा घातली. जेथें स्वतःस ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं तेथें दुसऱ्या कोणास तरी आपल्या वतीनें ‘नाहीं’ म्हणतां आलें पाहिजे.

येथपर्यंत पाहतां असें म्हणतां येईल कीं, दोष असले तरी ही निरवानिरव एकंदरीत मनुष्याचा आदर करणारी आहे. परंतु सर्व टेबलें मोजून झाल्यावर लक्षांत येतें कीं एक टेबल तेथें नाहींच. वारस कोण, रक्त कोणत्या गटाचें, मूल कोणाकडे, हें सर्व विचारलें जातें. हें युद्ध न्याय्य आहे असें तुला वाटतें काय, हें कोणी विचारीत नाहीं.

भगवद्गीतेचा आरंभ या दृष्टीनें मनन करण्याजोगा आहे. अर्जुनाची तयारी अपुरी नव्हती. रथ सज्ज होता, गांडीव हातीं होतें, शंख वाजून गेले होते. सर्व सज्जता पुरी झाल्यावर, दोन सैन्यांच्या मधोमध, त्यास प्रश्न पडला. सज्जता ही प्रश्नाचें उत्तर नव्हे, हें त्यावरून दिसतें. आणि श्रीकृष्णानें दिलेलें उत्तर ज्यांस पटत नाहीं त्यांनींहि एवढें कबूल केलें पाहिजे कीं, ‘हें तुझें काम नव्हे’ असें म्हणून त्यानें तो प्रश्न उडवून लावला नाहीं. अठरा अध्याय खर्ची घातले. अमेरिकन कायदा या बाबतींत एक चमत्कारिक भेद करतो. सर्वच युद्धें पाप आहेत अशी ज्याची प्रामाणिक श्रद्धा आहे त्यास सुटकेसाठीं अर्ज करतां येतो. परंतु हेंच एक युद्ध अन्याय्य आहे असें म्हणणाऱ्यास तो मार्ग नाहीं. १९७१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा भेद ग्राह्य ठरविला. अर्जुनाचा आक्षेप सर्व युद्धांस नव्हता, याच एका युद्धास होता. म्हणजे त्याचा अर्ज नामंजूर झाला असता!

या नियमास कारण आहे. प्रत्येक सैनिक प्रत्येक मोहिमेचा न्यायनिवाडा करूं लागेल तर सैन्यच उरणार नाहीं. आणि सेनापतींनीं आपापल्या मतांप्रमाणें लढावें कीं न लढावें हें ठरविणें, यासारखा धोका लोकसत्तेस दुसरा नाहीं. राखीव सैनिकानें शांततेच्या काळीं सही केली तेव्हां हा निर्णय त्यानें आपल्या समाजाच्या स्वाधीन केला. पण स्वाधीन केलेली वस्तु नाहींशी होत नाहीं. ती दुसऱ्याच्या हातीं ठेव म्हणून राहते. सैनिकास जो प्रश्न विचारण्याची मुभा नाहीं तो विचारण्याचें ऋण आपोआप त्यास पाठविणाऱ्यांवर, म्हणजे विधिमंडळावर आणि प्रत्येक मतदारावर, येऊन पडतें.

हें ऋण कसें फेडलें जातें? अमेरिकन काँग्रेसनें शेवटची युद्धघोषणा १९४२ सालीं केली. त्यानंतरचीं कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान हीं युद्धें घोषणेवांचून, किंवा ठरावरूपी परवानगीनें, लढलीं गेलीं. १४ सप्टेंबर २००१ रोजीं ज्या ठरावानें बळाचा उपयोग करण्यास मुभा दिली तो प्रतिनिधिगृहांत ४२० विरुद्ध १ मतानें संमत झाला. त्यांत कोणत्याहि देशाचें नांव नव्हतें, कोणतीहि मुदत नव्हती. आणि पुढें त्याच्याच आधारें कितीतरी देशांत सैनिक धाडले गेले. ज्या मनुष्याच्या कागदावर एक रकाना रिकामा राहिला तर त्यास विमानांत चढूं देत नाहींत, त्यास पाठविणाऱ्या राष्ट्राच्या कागदावर शत्रु कोण आणि शेवट कधीं हे दोन रकाने रिकामे राहिले! या सर्व प्रकरणांतील खरा उपमर्द मला येथें दिसतो. दांत तपासण्यांत तो नाहीं, रक्ताच्या थेंबांतहि नाहीं. एका बाजूनें आपल्या मरणापर्यंतची सर्व व्यवस्था पुरी करावी आणि दुसऱ्या बाजूनें आपल्या हेतूचीहि करूं नये, या विषमतेंत तो आहे.

हा विचार केवळ परक्यांपुरता नाहीं. आपल्या देशांतहि १९४८ च्या कायद्यानें प्रादेशिक सेना स्थापन झाली व ९ ऑक्टोबर १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनीं तिचें औपचारिक उद्‌घाटन केलें. पुण्यास व कोल्हापुरास मराठा लाइट इन्फंट्रीशीं संलग्न अशा तिच्या पलटणी आहेत. तींतील मनुष्य आपल्याच शेजारचा असतो. एरवीं नोकरी-व्यवसाय करणारा आणि बोलावणें आलें कीं गणवेश चढविणारा. त्याच्या घरीं ज्या दिवशीं विम्याचे कागद, दागिन्यांची यादी आणि बँकेचें पुस्तक बायकोच्या हातीं दिलें जातें, त्या दिवशीं शेजाऱ्यांनीं डबा भरून देणें, मुलांकडे लक्ष ठेवूं म्हणून सांगणें हें योग्यच आहे. परंतु आपलें कर्तव्य तेवढ्यानें संपत नाहीं. वर्तमानपत्रांत युद्धाची हांक वाचून आवेशानें मान डोलविण्यापूर्वीं, कोणासाठीं, कशासाठीं आणि कोठपर्यंत, हे तीन प्रश्न आपणच आपल्यास विचारले पाहिजेत, आणि आपल्या प्रतिनिधींकडून त्यांचें उत्तर लेखी मागितलें पाहिजे. त्या शेजाऱ्यानें आपली निरवानिरव केली आहे. आपली व्हावयाची आहे.